ब्रेकमधील हवा काढण्याची घरगुती पद्धत : प्रेशर ब्लीडरचा उपयोग आणि त्याच्या मर्यादा

(निंबोला, जिल्हा बुऱ्हाणपूर येथे वाहनधारक व शेतकरी बंधूंपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपले हे निंबोला गाव वसले आहे. या वाटेने शतकानुशतके सैन्ये गेली, व्यापाऱ्यांचे तांडे गेले. आज याच वाटेने केळीने भरलेल्या गाड्या, प्रवासी मोटारी आणि लग्नाची वऱ्हाडे जातात. सातपुड्यातील चढउतार पूर्वी बैलांच्या खांद्यावर येत असे, तो आता मोटारीच्या ब्रेकवर येतो. सबब, ब्रेकविषयी दोन शब्द सांगण्यास याहून योग्य जागा मला सापडली नसती.

विषयाकडे वळण्यापूर्वी स्वतःची एक चूक आपणांपुढे कबूल करतो. मी आयुष्यभर मोटार-यांत्रिकी हा विषय विद्यार्थ्यांना शिकविला. तरीही पुष्कळ वर्षांपूर्वी एका वैशाखात माझी जुनी अँबॅसिडर घेऊन मी याच डोंगरातून खाली उतरत असता ब्रेकचे पॅडल एकाएकी मऊ झाले आणि पुढच्या वळणावर थेट तळाला टेकले. गाडीत कुटुंब होते. गिअर खाली आणून, हातब्रेक ओढून आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीला घासून मी ती कशीबशी थांबविली. कोणास इजा झाली नाही. अर्ध्या तासाने पॅडल दाबून पाहतो, तो ब्रेक पूर्ववत! कोठे गळती नाही, काही तुटलेले नाही. घरी आल्यावर ब्रेकचे ऑइल काढून पाहिले तेव्हा ते चहाच्या काढ्यासारखे काळपट निघाले. चार वर्षे ते मी बदलले नव्हते. त्यात मधूनमधून जी भर घातली, ती महिनोन्महिने झाकण उघडलेल्या डब्यातील होती. का बदलले नव्हते? कारण त्या कामाला दुसरा माणूस लागतो आणि तो वेळेवर मिळत नाही. कारण इतके क्षुल्लक होते. आजच्या व्याख्यानाचा उगम त्या क्षुल्लक कारणात आहे.

प्रथम ब्रेकचे तत्त्व पाहू. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला असेल. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकीर्दीत झालेल्या या रचनेत सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत वाहिनीतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले आहे. ओळीने खोदलेल्या कुंड्यांमधून त्या वाहिनीत हवा आणि उजेड उतरतो. पाण्याच्या माथ्यावर तेथे हवा असली तरी काही बिघडत नाही, कारण त्या पाण्याला केवळ वाहत जावयाचे असते. मोटारीच्या ब्रेकमधील द्रवाचे कार्य याच्या नेमके उलट आहे. त्याला वाहावयाचे नसते; पायाचा जोर चाकापर्यंत पोचवावयाचा असतो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो, हा पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने १९१७ साली द्रवाच्या ब्रेकचे एकस्व मिळविले आणि १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. आज आपल्या दारातील मोटार, जीप व लहान मालवाहू गाडी बहुतांशी त्याच तत्त्वावर थांबते.

आता थोडे गणित करू. पायाने पॅडलवर २० किलो जोर दिला आणि पॅडलच्या तरफेने तो पाचपट झाला, तर मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर १०० किलो जोर येतो. दट्ट्याचे क्षेत्रफळ ३ चौरस सेंटीमीटर धरले, तर द्रवात दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ३३ किलो दाब निर्माण होतो. द्रव दबत नसल्यामुळे हा सर्व दाब चाकापाशी पोचतो. मात्र नळीत हवेचा बुडबुडा असेल, तर हा दाब प्रथम त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्ची पडतो. पॅडल खाली जाते, पाऊल फसते आणि चाक मात्र फिरतच राहते. ब्रेकमधील हवा काढणे, म्हणजेच ब्लीडिंग, याचे महत्त्व एवढ्यावरून ध्यानी यावे.

हवा दोन मार्गांनी शिरते. दुरुस्तीसाठी नळी सोडली अथवा टाकीतील ऑइल पार खाली गेले, तर ती बाहेरून शिरते. दुसरा मार्ग अधिक कपटी आहे. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो ते वस्तुतः तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचे रसायन असून हवेतील ओलावा शोषून घेणे हा त्याचा स्वभाव आहे. डॉट ३ प्रतीचे नवे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असे प्रमाण आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे अनुक्रमे २३० व १५५ आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की चाकापाशी उष्णता साठते, ओलसर ऑइल उकळते आणि त्याच्या वाफेचे बुडबुडे हवेसारखेच वागतात. थोड्या वेळाने सारे थंड झाले की वाफेचे पुन्हा द्रव होते आणि पॅडल पूर्ववत होते. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. हा दोष थांबलेल्या गाडीत दिसत नाही. तो घाटातच प्रकट होतो. यास्तव गाडीबरोबरच्या पुस्तिकेत दिलेल्या मुदतीस, आणि तशी मुदत माहीत नसल्यास दर दोन वर्षांनी, ऑइल बदलणे हाच त्यावरील उपाय होय.

हवा काढण्याची रूढ पद्धत आपण सारे जाणता. एकाने आत बसून पॅडल मारावयाचे आणि "दाबून धर" म्हणताच धरून ठेवावयाचे. दुसऱ्याने चाकापाशी निपल सैल करून पुन्हा घट्ट करावयाचे. मग आतल्याने पाय सोडावयाचा. पद्धत चुकीची नाही. तथापि तिच्यात दोन उणिवा आहेत. पहिली अशी की, आतला माणूस क्षणभर आधी पाय सोडता झाला की निपलातून हवा परत आत ओढली जाते. आणि खेड्यात आतला माणूस म्हणजे पुष्कळदा घरातील शाळकरी मुलगाच असतो. दुसरी उणीव फारशी कोणी ध्यानात घेत नाही. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा दट्ट्या थोडाच पुढे जातो. हवा काढताना पॅडल तळापर्यंत गेले की दट्ट्याचे रबर सिलिंडरच्या न घासल्या गेलेल्या, गंजलेल्या भागावरून फिरते आणि फाटते. हवा काढावयास गेले आणि मास्टर सिलिंडर बदलावा लागला, असा अनुभव जुन्या गाड्यांच्या मालकांना येतो, त्याचे कारण हे आहे. यासाठी पॅडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवून त्याची धाव आखडावी, एवढी सूचना जुन्या पद्धतीने काम करणाऱ्यांसाठी देऊन ठेवतो.

प्रेशर ब्लीडर या दोन्ही उणिवा दूर करतो. हे साधन म्हणजे हातपंप व दाबमापक बसविलेले एक बंद भांडे होय. त्याची नळी एका विशिष्ट झाकणात संपते आणि ते झाकण ब्रेक ऑइलच्या टाकीवर मूळ झाकणाच्या जागी आटून बसते. भांड्यात नवे ऑइल भरून पंप मारला की हवेच्या दाबाने ते टाकीत उतरते आणि चाकापाशी निपल उघडताच जुने ऑइल व हवा बाहेर ढकलली जाते. पॅडलला कोणी हात लावीत नाही. दुसऱ्या माणसाचे कारण उरत नाही. जे ऑइल एरवी जोर वाहून नेते, त्याला आपण घटकाभर कुंडी भंडाऱ्याच्या पाण्याप्रमाणे संथ वाहावयास लावतो. त्यास लागणारा दाबही अल्पच असतो. १० ते १५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला फार तर एक किलो. मोटारीच्या चाकात आपण याच्या दुप्पट हवा भरतो.

आता कृती सांगतो.

गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढूनमागून ठोकळे लावावेत आणि गाडी उचलल्यास ती भक्कम लोखंडी स्टँडवर ठेवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. मागे ड्रम ब्रेक असतील तर त्यांच्या लायनरची ठेवण आधी योग्य करून घ्यावी. ती सैल असेल तर हवा नसतानाही पॅडल खोल जाते आणि आपण व्यर्थ ऑइल वाया घालवितो. चारही निपलांभोवतीची माती ब्रशने काढून त्यांवर गंज सोडविणारे तेल आदल्या दिवशीच सोडावे. निपलास सहा बाजूंचा रिंग पाना लावावा. तोंड उघडे असलेला पाना त्याचे कोपरे खातो.

यानंतर ऑइलच्या टाकीचा बाहेरचा भाग पुसून, नव्या स्वच्छ पिचकारीने आतील बरेचसे जुने ऑइल काढून घ्यावे आणि नवे भरावे. टाकी पूर्ण रिकामी होऊ देऊ नये. मग ब्लीडरचे झाकण बसवावे आणि भांड्यात ऑइल न घालता प्रथम केवळ हवेचा १० पौंड दाब देऊन पाहावा. दोन-तीन मिनिटे काटा स्थिर राहिला तरच पुढे जावे. ही पायरी मी पहिल्या वेळी गाळली होती. घाईने पंप पंचवीस पौंडांवर नेला, झाकणाची वायसर नीट बसली नव्हती आणि ऑइलचा फवारा बॉनेटवर उडाला. दुसऱ्या दिवशी तेथील रंग पापुद्र्यासारखा सुटला. ब्रेक ऑइल रंग खाते. ते सांडल्यास तत्काळ भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यांवर चष्मा असावा, हे सांगणे नलगे. प्लॅस्टिकची टाकी जुनी असेल तर दाब दहा पौंडांपुढे नेऊच नये.

काटा स्थिर राहिल्याची खात्री झाली की दाब सोडून द्यावा, भांड्यात नवे ऑइल भरावे आणि पुन्हा दाब द्यावा. एक लिटरचा सीलबंद डबा सर्वसाधारण मोटारीस पुरतो. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. म्हणून सामान्यतः मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे व शेवटी पुढचे उजवे असा क्रम येतो. काही गाड्यांत नळ्यांची जोडणी तिरकस असते; तेथे पुस्तिकेतील क्रम प्रमाण मानावा. निपलावर पारदर्शक नळी घट्ट बसवून तिचे दुसरे टोक बाटलीतील थोड्या ऑइलमध्ये बुडवावे. निपल पाव ते अर्धा आटा सैल करावे. प्रथम काळपट ऑइल येईल, मधून बुडबुडे येतील, मग नव्या ऑइलचा स्वच्छ रंग दिसेल. बुडबुडे थांबल्यावरही थोडे वाहू द्यावे आणि निपल बंद करावे. ते बेताचेच घट्ट करावे. पोकळ असल्याने अधिक जोर दिल्यास ते मोडते. प्रत्येक चाकानंतर भांड्यातील ऑइल व दाब पाहावा. भांडे रिकामे झाले तर दाबाखालील हवाच नळ्यांत शिरेल आणि सारे श्रम फुकट जातील.

चारही चाके झाल्यावर आधी भांड्यातील दाब सावकाश सोडावा आणि मगच झाकण काढावे. टाकीतील पातळी वरच्या खुणेइतकी करून मूळ झाकण लावावे. पॅडल जोराने दाबून मिनिटभर धरावे. ते टणक राहिले पाहिजे. इंजिन सुरू करताच ते किंचित खाली जाईल. ते व्हॅक्यूम बूस्टरचे लक्षण आहे, दोष नव्हे. मात्र दाबून धरलेले पॅडल हळूहळू तळाला जात असेल, तर गळती आहे अथवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. त्यावर ब्लीडर हा इलाज नव्हे. अशी गाडी रस्त्यावर काढू नये. सर्व ठीक असल्यासही प्रथम मोकळ्या मैदानात सावकाश चालवून ब्रेक अजमावावा, हमरस्ता नंतर.

आता आपल्या भागासाठी विशेष दक्षतेच्या दोन गोष्टी. येथे घरोघर केळी व कपाशीवर औषध मारण्याचे पंप आहेत. हा पंप आणि ब्लीडर यांची घडण जवळपास सारखी असल्याने आपणांपैकी एखाद्या कल्पक तरुणाच्या मनात त्यापासून ब्लीडर बनविण्याचा विचार येईल, किंबहुना आला असेल. कल्पना चांगली आहे. तथापि औषध मारलेला पंप कितीही धुतला तरी या कामास घेऊ नये. त्यातील अंश ब्रेकच्या रबरास घातक ठरू शकतो, आणि शेतीच्या पंपाची रबरेही ब्रेक ऑइलमध्ये टिकतील याची हमी नसते. पंप कोरा व लहान घ्यावा, त्याला दाबमापक जोडावा आणि त्यातून केवळ हवेचा दाब द्यावा. ऑइल पंपात न भरता गाडीच्या टाकीतच ठेवावे. मात्र टाकीत मावते ते थोडेच; म्हणून खालच्या खुणेपर्यंत पातळी येण्यापूर्वी निपल बंद करून, दाब सोडून, पुन्हा भरत जावे. यास वेळ लागतो, पण धोका टळतो.

दुसरी गोष्ट नावाची आहे. 'ब्रेक ऑइल' या नावाने फसून टाकीत इंजिनचे अथवा ट्रॅक्टरचे तेल ओतल्यास खनिज तेलाने रबरे फुगतात आणि ब्रेक जाम होतात अथवा निकामी होतात. असे घडल्यास नुसते ऑइल बदलून भागत नाही. रबराचे सर्व भाग बदलावे लागतात. टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली असेल तीच वापरावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे ऑइल असून ते डॉट ३ अथवा ४ मध्ये कधीही मिसळू नये. उघडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल पुढील वर्षासाठी राखून ठेवण्याची काटकसर घातक आहे. मी ती करून पाहिली आहे.

या साधनाच्या मर्यादाही स्पष्ट केल्या पाहिजेत. मोठे ट्रक व बस यांना हवेचे ब्रेक असतात आणि ट्रॅक्टरची रचना वेगळी असते; तेथे हे साधन लागू नाही. आपल्या देशात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस अनिवार्य आहे. अशा गाडीतील नेहमीचे ऑइल-बदल या पद्धतीने बहुधा करता येतात. पण एबीएसच्या यंत्रातच हवा शिरली असेल तर त्यातील झडपा उघडण्यास संगणकीय उपकरण लागते आणि ते काम जाणत्या कार्यशाळेचेच आहे. काही गाड्यांत मागच्या भारानुसार दाब नियंत्रित करणारी झडप असते. मागची चाके लोंबकळत ठेवल्यास ती मागचा प्रवाह आखडते. निपल मोडले, नळी गंजलेली दिसली, चाकाच्या सिलिंडरभोवती ओल आढळली, तर हात थांबवावा आणि कारागिरास बोलवावे.

काढलेले जुने ऑइल पुन्हा वापरू नये, विहिरीत अथवा नाल्यात ओतू नये. आपले नाले अखेर तापीलाच मिळतात. ते बंद डब्यात भरून, वर चिठ्ठी लावून, जुने तेल जमा करणाऱ्या कार्यशाळेकडे द्यावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर ते कदापि ठेवू नये, कारण ते विषारी आहे आणि लहान मुलांना बाटलीचे रूप तेवढे कळते.

बंधुभगिनींनो, घरी हवा काढल्याने मजुरीचे चार पैसे वाचतात, हे खरे. परंतु त्यासाठी मी हे साधन सुचवीत नाही. कोणी सोबतीस नाही म्हणून जे काम वर्षानुवर्षे लांबणीवर पडते, ते एका माणसास एका सकाळी नीट करता येते, यात त्याचे खरे मोल आहे. त्याबरोबर जबाबदारीही एकट्यावर येते, याचे भान असावे. गाडी आपली असली तरी ब्रेक केवळ आपला नसतो. उताराच्या तळाशी रस्ता ओलांडणारी शाळकरी मुले, समोरून येणारी बैलगाडी, आपल्याच गाडीतील निजलेली माणसे, या साऱ्यांचा त्यावर हक्क असतो. आणि ऑइल कितीही नवे असले तरी घाट उतरताना ज्या गिअरात चढलो त्याच गिअरात उतरावे, हा जुन्या चालकांचा दंडक विसरू नये.